वाऱ्याचा आडोसा

सोमवार, २ सप्टेंबर

मेन्नोचा मोठ्या शाळेतला पहिला दिवस—आणि माझी वाट लागली! तेरा किलोमीटर जायचं, तेरा यायचं, आणि सगळा रस्ता धाकट्या भावापुढे भिंतीसारखं राहून सायकल हाणायची. गावची रीतच आहे तशी. नवं पोर शाळेत जायला लागलं की पहिलं वर्ष त्याने मधे राहायचं, मोठ्यांनी आळीपाळीने पुढे होऊन वारा खायचा. माझ्या वेळी आम्ही सातजण होतो. मी आणि रीनुस दोघंही नवे, दोघंही मधे.

आता रीनुससकट सगळ्यांकडे जाड चाकांच्या बॅटरीच्या सायकली आहेत. त्यांना ना वारा लागत, ना आडोसा. भुर्रकन पुढे गेले. जाता जाता रीनुस ओरडला, "रेन्स्के, गोगलगायीला दोरी बांध!"

मेन्नोला दमा आहे. पुलापाशी थांबून त्याने दम्याचा पंप ओढला. पंप माझ्या पिवळ्या रेनकोटच्या आतल्या खिशात असतो. त्याच्याकडे दिला तर संध्याकाळपर्यंत हरवलाच म्हणून समजा! घरातल्या दुसऱ्या पंपांत मिसळू नये म्हणून त्यावर मी घोड्याचं स्टिकर लावलंय.

गुरुवार, १९ सप्टेंबर

पुन्हा उशीर. मेन्नोचा राग येतो, आणि मग त्या रागाची लाज वाटते.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळू का होईना, रोज सायकल चालवू दे, फायदा होईल. घरी पाऊल टाकलं आणि आईबाबांची जुंपली.

आई म्हणे, "रोज रडवेला होऊन येतो तो, हार्म. मित्र नाही, खेळ नाही. बॅटरीवर का होईना, चार पोरांत मिसळेल तरी!"

बाबा म्हणे, "बसल्या बसल्या कुणाची छाती सुधारलीय? मग खुर्चीलाच चाकं लाव ना!"

मला विचारलं. मी आईच्या बाजूने बोलले. मेन्नोसाठी नाही—माझ्यासाठी. मला एकटीला, जोरात, शाळेत जायचंय. या वर्षी माझी शेवटची परीक्षा आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

मेन्नोचा वाढदिवस. सगळे नातेवाईक खुर्च्यांचं रिंगण करून बसले, केक झाला, आणि आईने मागचं दार उघडलं. दारात सायकल—काळी, दांडगी, रेड्यासारखी! बाबांना आईने आधी काही सांगितलंच नव्हतं. आल्यागेल्यांनी रीतीप्रमाणे बाबांचंही अभिनंदन केलं, ते बाबांनी मुकाट घेतलं.

मेन्नो रडला. आनंदाने. मी म्हटलं, आता पंपसुद्धा तुझा तू सांभाळायचा. "हो गं म्हातारे!"

सुटले!!

रविवार, १७ नोव्हेंबर

आई जिंकली म्हणायची. मेन्नो रीनुसच्या टोळीतून शाळेत जातो. बुधवारी पोरांबरोबर भटकतो. जेवताना तोंडाला कुलूप नाही. पंप लागतच नाही, म्हणतो. बाबा म्हणतात, "लागेल कसा? पायडल कोण मारतंय? अंगठ्याने बटण दाबलं की झालं काम."

पण काल तो जिना चढून माझ्या खोलीत आला आणि म्हाताऱ्या कुत्र्यासारखा धापा टाकत बसला. मी पाहिलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं. आईचा आनंद मोडवेना, म्हणून मीही गप्प बसले.

थंडी सुरू झाली. जाड कोट बाहेर काढला, रेनकोट गेला खुंटीवर.

सोमवार, १३ जानेवारी

जमेल तसं लिहिते.

सकाळी माझी चाचणी होती म्हणून मी अंधारातच निघाले. गारठा मरणाचा, वारा सरळ तोंडावर. मेन्नो मागाहून निघाला. अर्ध्या वाटेत बॅटरी संपली—थंडीत ती लवकर संपते, आणि रात्री त्याने नीट चार्ज केली नव्हती. ते धूड वाऱ्यात पायाने रेटायला गेला. सवय कुठे राहिली होती त्याला!

रीनुसची टोळी बाजूने गेली. रीनुसनेच हे आज दवाखान्यात रडत सांगितलं. "मी म्हटलं, मेली का बॅटरी? ढकल आता! आम्हाला वाटलं, येईल चालत." कुणी थांबलं नाही. थांबायची सवयच गेलीय सगळ्यांची.

शाळेत फोन कपाटात ठेवून कुलूप लावावं लागतं. मधल्या सुट्टीत उघडला तर मेन्नोचे कॉल, एकामागून एक. तोवर दुधाच्या टँकरवाल्याने त्याला पाहिलं होतं. रस्त्याकडेला सायकलीला टेकून बसला होता, म्हणे, आणि ओठ निळे.

दप्तरात पंप नव्हता. डॉक्टरांनी विचारलं. मीच म्हणाले, "हरवला असेल. तो सगळंच हरवतो."

बुधवार, १५ जानेवारी

मेन्नो गेला.

सोमवार, २० जानेवारी

पुरलं त्याला. मग कॉफी, आणि केकचा एकेक तुकडा. बाबा आईपासून दोन खुर्च्या सोडून बसले होते.

बुधवार, २२ जानेवारी

बाबा आईला म्हणाले, "तुझ्या त्या सायकलने मारलं त्याला." आई वाघिणीसारखी उसळली. "आणि तू? आजारी पोराला वाऱ्यात झिजवत होतास! शेवटचे तीन महिने तो हसला तरी, माझ्यामुळे हसला!" बशी फुटली. मी कानांवर उशी दाबून पडले होते.

शनिवार, २५ जानेवारी

आईने दिसेल ते धुवायला काढलंय. पडदे, चादरी, खुंटीवरचे सगळे कोट. मेन्नोचे मोजे तेवढे पलंगाखाली तसेच आहेत, त्यांना हात लावत नाही.

रात्री जेवली नाही. "डोकं दुखतंय," म्हणाली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

शाळेत पालकांची सभा. या सायकली बंद कराव्यात की नाही. एक बाई म्हणाल्या, माझी पोर दोन वर्षं खोलीबाहेर येत नव्हती, बॅटरीच्या सायकलीमुळे माणसांत आली. दुसरे म्हणाले, आमच्या पोराला मैदानाला एक फेरी मारवत नाही आता. दोघंही खरंच बोलत असतील.

मग बाबा उठले. "माझा मुलगा त्या सायकलीने मेला. आणि ती आणली माझ्या बायकोने."

सगळ्या माना आईकडे वळल्या. मला वाटलं, आता फाडून खाईल ती बाबांना. आई खाली बघत म्हणाली, "हो. चूक माझीच आहे."

इतका राग आला मला तिचा! परवा परवा बशा फोडत होती, आणि आज चारचौघांत मान खाली!

रविवार, ९ फेब्रुवारी

बाबा काकाकडे राहायला गेले. आईने त्यांच्या शर्टांना इस्त्री करून बॅग भरून दिली. मी ओरडले, "अगं थांबव ना त्यांना! भांड! सांग काहीतरी!"

"त्याला कुणावर तरी चिडायचंय, रेन्स्के. माझ्यावर चिडू दे."

आणि माझे केस कानामागे सारले. किती वर्षांनी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कोटाचं बटण तुटलं. आईच्या शिवणाच्या डब्यात दुसरं शोधत होते. तळाशी, चिंध्यांत गुंडाळलेला निळा पंप. त्यावर माझा घोडा, साबणाने अर्धा गेलेला.

मी त्याला तो कधी दिलाच नव्हता. खुंटीवरच्या रेनकोटच्या खिशातच राहिला होता.

खाली आई हाक मारतेय, सूप गार होतंय म्हणून. पिवळा रेनकोट घातलाय. पंप खिशात आहे. काकाच्या घरापर्यंत नऊ किलोमीटर, सगळा वारा समोरून. बाबांना सांगायला जाते.