मोठ्या पतंगाचा दांडा

अहो गुरुवर्य,

तुम्हाला फळीवरून लाटांवर ओढणाऱ्या तुमच्या मोठ्या पतंगाचा हातात धरायचा दांडा घेऊन मी ताईकडे चाललेय. भिंतीवर टांगलाय तो माझ्या छोट्या पतंगाचा. त्याच्या दोऱ्या तुमच्या पतंगाला बसतील, पतंग उडेलही. पण तो त्या पतंगाच्या मापाचा नाही; समुद्रात घाबरून दांडा सोडलात, तरी पतंगातलं वारं जाणार नाही. तो तुम्हाला खडकांवरून फरफटत नेईल.

संध्याकाळी तुमची नवी शिष्या लाटांवरच्या उड्या बघायला येतेय. तिला खरं सांगून टाका, की इतकी वर्षं दोऱ्या बायकोच जोडायची, कुठली कशाला लागते हे तुम्हाला अजून कळत नाही. ती हसेल. हसू द्या, हाडं तरी शाबूत राहतील.

आणि तिने दुसरा गुरू शोधला, तर रडत बसू नका. पोरगी हुशार आहे, असं तुम्हीच म्हणता ना?