आखूड रेघ

गोरेगाव,
ता. ९ मार्च २००९, सोमवार

प्रिय नंदलालभाऊ,

सप्रेम नमस्कार.

तुमचं कार्ड येऊन अठरा दिवस झाले. लाइट जाते हे खरं, पण उशिराचं खापर तिच्यावर फोडत नाही. इकडे बरं आहे. सुमनबाईचे गुडघे तसेच, म्हणून बाजाराला मी जातो आणि किडकी वांगी आणली म्हणून घरी बोलणी खातो. पोरगी खुशबू नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्याकडे सडक अर्जुनीला सगळे बरे असतील. जूनमध्ये तुम्हीही रिटायर होणार, असं ऐकलं.

आठ वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. चारच ओळी. शाळेत काम्प्युटर आला, पेपर आता त्यावरच काढायचे, गणिताची समीकरणं छापायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं ते हेडमास्तर विचारून राहिले. आणि शेवटी, ‘मशीनच काढते म्हटल्यावर माझ्या हाताला कोणी नावं ठेवणार नाही.’

आधी कामाचं लिहितो. रिटायर झाल्यापासून दहावीच्या उदाहरणांचं पुस्तक करायला बसलो आहे, म्हणून तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. पहिलं लिखाणाच्या प्रोग्रामसोबतच येते. चिन्हांची पेटी उघडते, त्यातलं माउसने उचलायचं आणि बसवायचं. दोन दिवसांत येईल. फक्त पेपर दुसऱ्या मशीनवर नेला आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर चिन्हांच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून छपाई त्याच मशीनवरून करा. दुसरं त्याचंच मोठं भावंड, विकतचं. तीस दिवस फुकट वापरू देते. चांगलं आहे, पण माउस धरून माझं मनगट दुखते. डॉक्टर म्हणतात वय झालं.

तिसऱ्याबद्दल लिहायचं म्हणून तीनदा पेन खाली ठेवला.

त्याचं नाव लाटेक. फुकट आहे, खुशबूने सीडीवर आणून दिलं. मराठी त्यात बसवणं मला जमलं नाही, पण समीकरणं देखणी येतात. यात उचलणं-बसवणं नाही, सगळं लिहून सांगावं लागते. वर्गमुळाचा आदेश लिहायचा आणि चिन्हाखाली जे यायला हवं ते महिरपी कंसात ठेवायचं. रेघ मग आपोआप तेवढी लांब पडते.

एक तारखेच्या रविवारी दुपारी मी त्यात पहिलं उदाहरण लिहिलं. हात त्याच उदाहरणावर गेला. क्ष अधिक सात, या दोघांचं मिळून वर्गमूळ, बरोबर क्ष वजा पाच. पडद्यावर रेघ एकट्या क्षवर आली, सात उघडा. मी मशीनला शिवी हासडली. सुमनबाई आतून म्हणाली, काय झालं जी? मग आदेश वाचला. कंस मीच दिला नव्हता. मशीनने मी लिहिलं तसंच काढलं होतं.

तिथून पुढे आठ दिवस मी काम्प्युटर उघडला नाही.

तुम्हाला आठवतेच, पण एकदा माझ्या हाताने लिहून होऊ द्या. २००१ ची सराव परीक्षा, आपल्या संस्थेच्या सगळ्या शाळांना एकच पेपर. मजकूर तुम्ही स्टेन्सिलवर टाइप करायचे, समीकरणांपुरती जागा सोडायचे आणि मग माझा कागद शेजारी ठेवून लोखंडी लेखणीने एकेक चिन्ह कोरायचे. गणित तुम्हाला येत नव्हतं. पण कर्कटकाने माझी रेघ मापून तेवढीच स्टेन्सिलवर ओढणारा दुसरा माणूस मी नोकरीत पाहिला नाही.

पेपर सायक्लोस्टाइल होऊन गेला. त्याच उदाहरणाचं उत्तर यायला हवं होतं नऊ. माझ्या वर्गातल्या, चैतरामच्या पिंकीचं आलं सोळा आणि पाच मार्क गेले. ती बापाला घेऊन शाळेत आली आणि सगळ्यांसमोर सोळा घालून ताळा करून दाखवला. छापलं होतं त्या उदाहरणाचं उत्तर सोळाच होतं. वर्षभर मी ज्या पोरीला ताळा करायला शिकवलं, तिने माझ्याच पेपरवर केला.

हेडमास्तरांनी मूळ कागद मागितला. तो आणायला मी स्टाफरूममध्ये गेलो. माझ्या कागदावर रेघ एकट्या क्षवरच होती. टेबलावर कोणाचा तरी पेन पडला होता. मी रेघ सातापर्यंत वाढवली. सांगायला आठ वर्षं लागली, करायला एक मिनिटही लागलं नाही.

हेडमास्तरांनी कागद तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही म्हणाले, "गुरुजी, मले गणित येत नाही, म्हून त मी रेघबी मापून काढतो. जशी होती तशीच काढलो." मग खिशातून कर्कटक काढलं, कागदावरची रेघ मापली आणि माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला कळलं, हे मला तेव्हाच कळलं. तुम्ही कर्कटक मिटून खिशात ठेवलं आणि हेडमास्तरांना नमस्कार करून निघाले. मी खिडकीतून मैदानाकडे पाहत राहिलो. हलगर्जीपणाचा शेरा तुमच्या सेवापुस्तकात चढला आणि बदलीही झाली. तुम्हाला निरोप द्यायला मी आलो नाही, तब्येतीचं कारण कळवलं होतं. तब्येत चांगली होती.

तो कागद मी फाडला नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. परवा पेटीतून काढला. जुनी रेघ फिकी पडली आहे, जोडलेला तुकडा अजून गडद निळा आहे. आंधळ्यालाही दिसेल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पेपर मराठी आहेत, तेव्हा पहिलंच घ्या, पुरेसं आहे. पण वर्गमुळाची रेघ त्यातही आपण सांगू तिथेच थांबते. मशीन आलं म्हणून कोणी तुमच्या हाताला नावं ठेवणार नाही, या भरवशावर राहू नका. छापण्याआधी गणिताच्या मास्तराची सही प्रत्येक पानावर घ्या. सही घेतल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवू नका, त्याला गुरुजी म्हणत असले तरी.

आज सकाळी पोस्टात जाऊन संस्थेच्या सचिवांना रजिस्टर पत्र टाकलं. घडलेलं सगळं लिहिलं, तो मूळ कागद जोडला आणि तुमचा शेरा जूनच्या आत रद्द करावा अशी विनंती केली. रजिस्ट्रीच्या पावतीची झेरॉक्स सोबत आहे. ते पत्र आधी टाकलं आणि मग हे लिहायला बसलो. हे आधी टाकलं असतं, तर तुम्ही ‘राहू द्या गुरुजी’ म्हटलं असतं. आणि मी राहू दिलं असतं.

तुमचा अपराधी,
खेमराज