उशाशी पोचणारे ऊन

५ जानेवारी

चि. फूटपट्टीस ताईचा आशीर्वाद.

तू ठीक आहेस असे धरून चालते, कारण कळवायची तुला सवय नाही. बाबांना जाऊन दोन महिने झाले. महिन्याभरात येतो म्हणाला होतास. रागावलेली नाही, आठवण करून देते आहे.

माझा जीव थाऱ्यावर नाही. शिवायला बसते, शर्टाची बाही उलटी लागते, उसवते, उठते, पुन्हा बसते. त्यात शेजारची इमारत पाडून तेवढ्याच उंचीची, पण रुंद बांधणार आहेत. वॉचमन सांगत होता, की दोन इमारतींमध्ये अठराऐवजी दहा फूट अंतर चालेल असा नियम तुमच्याच नगररचना ऑफिसात होतो आहे. अठरा फूट बाबांनी त्याच ऑफिसात असताना ठरवले होते ना? मग तू तिथे बसून करतोस काय? तळमजल्यावरच्या बाईने भर दुपारी दिवा लावून सुई ओवायची का?

माया आहेच, पण पत्राला उशीर नको.
ताई

९ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

बातमी खरी आहे. मसुदा माझ्याच टेबलावरून जातो. साहेब म्हणतात शहरात घरे कमी पडतात, आणि तेही खोटे नाही. अठराचे कारण दाखवता आले तर अठरा राहील. बाबांच्या फायलीत कारणाच्या रकान्यात एवढेच आहे, की हिवाळ्यात तळमजल्यावरच्या आजाऱ्याच्या उशाशी ऊन पोचावे. किती वेळ, ते पान गहाळ आहे. आई अंथरुणाला होती तेव्हा त्यांनी आपल्याच खोलीत मोजले होते.

आठवडाभर आईच्या, पुढे बाबांच्या झालेल्या खाटेच्या उशाशी ऊन कधी येते, कधी जाते, ते कळव. बैठक तीस तारखेला आहे. यायचे म्हणतो, पण त्या खोलीत पाऊल टाकायचा धीर होत नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझा धाकटा

१८ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

रोज मोजले. ऊन उशाशी सव्वाअकराला येते, दोनला जाते. लादीवर शिलाईच्या खडूने खुणा केल्या आहेत आणि मी त्यांना वळसा घालून चालते. साहेबांना सांग, टेलरबाईचे माप आहे, सैल नसते.

जेवणाच्या वेळा पाळ, आणि आमची आठवण ठेव.
ताई

२२ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

तुझे आकडे वाचून साहेब खूश झाले. अठरा फुटांवर पावणेतीन तास ऊन, तर दहावर तासभर तरी मिळेल, मग अडचण काय, असे त्यांचे म्हणणे. दुपारी जुन्या नकाशांत ते पान सापडले. बाबांच्या अक्षरात चाळीस मिनिटे लिहिलेले. तुमच्या वडिलांचे घड्याळ बंद पडले असेल, असे साहेब म्हणाले आणि सगळे हसले. मी पान परत फायलीत लावले, ते हसणे अजून टोचते आहे.

बाबा मोजण्यात चुकत नसत. तूही नाहीस. मग झाले काय?

उत्तराची वाट पाहतो.
धाकटा

२५ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

चूक माझी आहे. बाबा गेल्यावर आठवड्याने मी खाट ओढून खिडकीजवळ नेली आणि तिच्या जागी शिलाई मशीन ठेवले. आतल्या भिंतीशी ती रिकामी दिसली की मला घरात बसवेना. तू आला नाहीस म्हणून तुला कळले नाही. आणि तू उशाशी म्हणालास, मी उशी आहे तिथे मोजले.

काल वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या मदतीने खाट जुन्या जागी लावली. पायांच्या खुणा लादीवर होत्याच. आज मीच उशीवर डोके ठेवून पडले. बारा वीसला ऊन कपाळावर आले, एक वाजून दोन मिनिटांनी गेले. तेवढा वेळ मी हलले नाही. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

बेचाळीस मिनिटे. वरची दोन माझ्या घड्याळाची धर, बाबांच्या नको. चूक माझ्या नावावर सांग.

ताईवरचा जीव कमी करू नकोस.
ताई

१ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

बैठकीत सगळे सांगितले. साहेबांनी विचारले, खाट हलवली कशाला. तेही सांगितले. या वेळी कुणी हसले नाही. त्यांनी स्वतः कागदावर आकडेमोड केली. दहा फुटांवर आतल्या भिंतीपर्यंत ऊन पोचतच नाही.

ज्या बाजूला तळमजल्यावर माणसे राहतात तिथे अठरा राहिले. जिथे खाली दुकाने किंवा गाड्या आहेत तिथे दहा. तुझी खिडकी अठरात आहे. कारणाच्या रकान्यात आता मिनिटे आहेत, आणि ती कुठे मोजायची तेही.

रविवारी सकाळी पोचतो. खाट आहे तिथेच राहू दे. दुपारी बारा वीसला मला तिच्यावर पडायचे आहे.

तुझाच,
फूटपट्टी