टोर्किलसाठी सोपं केलेलं विमान

प्रिय सिसेल,

लोक्केनच्या तुमच्या सुट्टीतल्या घराची किल्ली शेजारच्या बाईंकडे ठेवली आहे. नळांतलं पाणी काढून टाकलंय, आता गोठायची काळजी नाही. काल शुश्रूषागृहात तुझ्या बाबांना भेटून आलो. टोर्किलने मला ओळखलं, मग युटे कुठे आहे म्हणून विचारलं. सिसेलची आई बाजारात गेलीय, म्हणालो. तिथली नर्स तसंच सांगायला सांगते.

आमच्या शनिवारांचं तुला थोडंफार ठाऊक आहे. टोर्किल एकवीस वर्षं ज्या प्रवासी विमानावर कप्तान होता, ते हुबेहूब कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी बनवायचं, हा आमचा नाद. मी आकडे लिहायचो, तो उडवून बघायचा आणि बोलायचा. "एगॉन, हे विमान आहे की बाथटब? नाक इतक्या मुकाट्याने कधी वर यायचं नाही." मग मी फाइल उघडून एक आकडा बदलायचो, की पुन्हा उड्डाण. नुसत्या उतरण्यावर आम्ही अख्खा हिवाळा घालवला होता. बायको गेल्यावर माझ्या आठवड्यात तेवढाच एक दिवस होता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याने विमान धावपट्टीवर आदळलं. "जड केलंयस तू," म्हणाला. मी काहीच केलं नव्हतं. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तो चाकं खाली घ्यायलाच विसरला, आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मला मान वळवावी लागली. तो घरी गेल्यावर मी त्याच्यापुरती वेगळी प्रत केली. जमिनीजवळची हवा विमानाला जरा जास्त उचलून धरील, आडवा वारा निम्माच लागेल, चाकं विसरली तर आपोआप उतरतील. पुढच्या खेपेला विमान अलगद टेकलं. "आता जमलं तुला," म्हणाला, आणि राय धान्याच्या काळ्या पावाचे दोन तुकडे जास्त खाल्ले. त्यानंतर दर महिन्याला मी ते आणखी थोडं सोपं करत गेलो. शेवटी ते जवळजवळ स्वतःच उतरायचं.

युटेला शंका होतीच. या एप्रिलमध्ये कॉफी ओतता ओतता तिने मला विचारलं, "गाडी चालवताना चुकतो रे तो. बोलले तर म्हणतो, अजून विमान उतरवतोय, गाडीचं काय घेऊन बसलीस. तू जवळून बघतोस. ठीक आहे ना तो?" मी म्हणालो, "पूर्वीसारखाच आहे." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. जूनमध्ये ती त्याच्या शेजारी बसून लोक्केनला निघाली, आणि समोरून ट्रक येत असताना त्याने गाडी सरळ चौकात घातली.

युटेच्या अंत्यविधीनंतर चर्चबाहेर माझे हात धरून तू म्हणालीस, "कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? पण तुम्ही बाबांना सोडलं नाहीत, हे मी विसरणार नाही." मी मान डोलावली. माझ्या लक्षात आलं होतं, सिसेल. किती बिघडलंय ते आकड्यांनिशी कळत होतं. युटेला खरं सांगितलं असतं तर आमचे शनिवार संपले असते, एवढ्याच भीतीने मी खोटं बोललो. बाबांना हे सांगून आता उपयोग नाही, आणि तुला सांगून काही भरून येईल असंही नाही. नाताळच्या जेवणाला तू मला बोलावलं आहेस. हे न सांगता तुमच्या टेबलाशी बसणं मला जमणार नाही. आणि सांगितल्यावर तू बोलावणार नाहीस, हेही मला कळतं.

तुझाच,
एगॉन