आकारामला धडा शिकवण्यासाठी तीन फेऱ्या

८ ऑक्टोबर १९७८
ठरलं. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी रंकाळा तलावाला तीन फेऱ्या पळणार. पेठेतल्या बालवाडीवर पत्रा नाही, त्यासाठी फंड. फेरीमागे ज्यानं त्यानं रक्कम बोलायची. शेजारचा आकाराम गवळी सगळ्यांदेखत हसत म्हणाला, पळा की वसंतराव, फेरीला दोनशे देतो. सहाशे भरताना त्याला म्हैस विकावी लागेल. ही म्हैस, चंद्री, माझ्या खिडकीखालीच बांधलेली असते. शिवाय पोरांचंही भलं होईल.

११ ऑक्टोबर, पहाटे ५
गजर झाला. सुरुवातीला शरीराला विश्रांती द्यावी. दिली.

१४ ऑक्टोबर
कॅनव्हासचे बूट घेतले. ऑफिसात घालून गेलो. साहेबांनी विचारलं, पायाला काय झालं? या माणसाला प्रमोशन कुणी दिलं?

१९ ऑक्टोबर
पहिली प्रॅक्टिस. तळ्यातला संध्यामठ दिसेपर्यंत पळालो. बूट चावले. टांग्यानं परत. मीनाक्षी म्हणाली, इतक्यात आलात? नवऱ्याचं कौतुक करायची रीतच नाही तिच्या माहेरी. ताकदीसाठी दोन मिसळी खाल्ल्या.

२५ ऑक्टोबर
बालवाडीचे सेक्रेटरी आण्णा सांगायला आले की पाडव्याला गवळी लोक म्हशी पळवतात, सगळी गर्दी तिकडं असते, तारीख बदला. मी म्हणालो, शिकलासवरला माणूस पळत असताना म्हशीकडं कोण बघणार? आण्णा चहा न घेताच उठले. पटलं असणार.

आकाराम रोज पहाटे सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन निघतो आणि चंद्री मागनं पळते. त्या आवाजानं झोपमोड होते. माझी प्रॅक्टिस बुडते ती यामुळंच. मुद्दाम करतो हलकट.

३१ ऑक्टोबर
फराळ बेतानं. चिवडा, चकल्या, पाच लाडू. उद्या आकारामचं तोंड कसं उतरेल याचा विचार करत पडलोय. इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

१ नोव्हेंबर, दुपारी
अर्धी फेरी उत्तम झाली. मग लाडू वर आले. कठड्यावर बसलो. मागून आकाराम आला, त्याच्या मागं चंद्री, शिंगांना मोरपिसं. गाडी थांबवून म्हणाला, वसंतराव, न्हाय व्हय जमत? बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं. श्वासच नव्हता. तेव्हा तो गर्दीकडं वळून म्हणाला, फेऱ्या झाल्याशी मतलब, कुणाच्या पायानं झाल्या ते कशाला बघताय, ऱ्हायल्याली माझी म्हस करंल. सगळे व्हय म्हणाले. आण्णासुद्धा. मी हरकत घेणार होतो, पण उभं राहता येईना.

चंद्रीनं तिन्ही फेऱ्या केल्या. माझी अर्धी कुणी धरलीच नाही.

१९ नोव्हेंबर
पत्रा चढला. आकारामनं सहाशे रोख मोजले आणि वर पेढे वाटले. म्हैस विकायचं नाव नाही. उलट गडमुडशिंगीचा एकजण तिला दुप्पट किंमत द्यायला तयार आहे म्हणे.

समारंभात हार चंद्रीला. फोटोच्या वेळी आण्णांनी मला पुढं बोलावलं. म्हटलं, शेवटी लाज वाटली यांना. ते म्हणाले, वसंतराव, जरा दावं धरा, म्हस हालतीया. धरलं.

२६ नोव्हेंबर
फोटो आला. चंद्री शेपटीसकट आली आहे. आकाराम दात काढून उभा. दावं धरलेला माझा हात मनगटापर्यंत आला आहे. मीनाक्षीनं बराच वेळ फोटो पाहिला आणि विचारलं, हा हात कुणाचा हो?

म्हणालो, असेल कुणा गड्याचा.