यांच्या पांढऱ्या कोटासाठी एक हलकं रिव्हॉल्व्हर

शनिवार, २ ऑगस्ट १९८६

दुकानातल्या त्या प्रसंगाला आज तीन आठवडे झाले. यांचा खांदा बरा झाला. हात नाही.

बंद करायच्या वेळी एक माणूस आत आला, सुरा दाखवला, कुलपातल्या कपाटातल्या नशेच्या गोळ्यांच्या बाटल्या मागितल्या. यांनी दिल्या. जाताना त्यानं ढकललं, हे काउंटरच्या कोपऱ्यावर आपटले. "एवढंच झालं," असं हे सगळ्यांना सांगतात. पण उजवा हात तेव्हापासून थरथरतो. फार्मसिस्टचा हात. ट्रेमध्ये गोळ्या पाच-पाच करून पट्टीनं सरकवतात, दुकान घेतल्यापासून तेवीस वर्षं बघतेय, नजर दुसरीकडे असली तरी चुकत नाहीत. आज दुपारी डबा द्यायला गेले तर तिसऱ्यांदा पहिल्यापासून मोजत होते. मी बघितलं हे त्यांना कळलं. मी डबा ठेवून निघाले.

मिलिंदचा फोन, नॉर्थ कॅरोलायनाहून. "बाबा, जस्ट सेल इट. कम लिव्ह विथ अस." मोठ्या कंपनीचं पत्र आलेलंच आहे, दुकान घेऊ म्हणून. ऑक्टोबरअखेर उत्तर हवंय. हे म्हणाले, बघू.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. आजचं तसं वाटलं नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

चौकशीला आलेल्या पोलिसानं सुचवलं होतं, मी चार दिवस मनात घोळवलं, आज बोलले. परवाना काढा, खिशात एक लहान रिव्हॉल्व्हर ठेवा. दुकान विकायचं तर तुमच्या मनानं विका, त्या माणसाच्या भीतीनं नको.

वाटलं होतं चिडतील. बराच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, "तू निवड. शर्टसुद्धा तूच निवडतेस."

शनिवार, ९ ऑगस्ट

बंदुकीचं दुकान हायवेला, माशांची आमिषं आणि गळाच्या काठ्या विकणाऱ्या दुकानाशेजारी. मालक रॉय, सत्तरीचा, पोट मोठं, आवाज हळू. साडीतली बाई बघून त्यानं आधी मोत्यासारख्या मुठीचं चकचकीत काहीतरी काढलं. म्हटलं, माझ्यासाठी नाही, मिस्टरांसाठी. पांढऱ्या कोटाच्या खिशात मावलं पाहिजे आणि कुणाला दिसता कामा नये.

आधी पोलादी दिलं. यांनी पँटच्या खिशात घालून बघितलं तर पँटच खाली निघाली. पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर असतात हे. रॉय दुसरीकडे बघायला लागला, सज्जन माणूस.

मग ॲल्युमिनियमचं काढलं. दोन इंची नळी, पंधरा औंस. हातात घेतलं तर वाटलं, वरणाचा डावसुद्धा याहून जड असेल. पण मागे, गोळीवर आपटणाऱ्या घोड्याला टोक होतं. मी विचारलं, घाईत काढताना हे अस्तरात अडकणार नाही का? रॉयनं माझ्याकडे नीट बघितलं. विचारलं, मिसेस पी, तुम्ही कुठे शिकलात?

पुण्याला कॉलेजात, एन.सी.सी.मध्ये. पॉइंट टू-टू रायफल. पन्नास साली. तेव्हा नऊवारी नेसणाऱ्या आत्याबाईंनी तीन दिवस अबोला धरला होता.

घोडा झाकलेलं दुसरं होतं. तेच घेऊ म्हटलं. हे गोळ्यांचं चक्र फिरवून म्हणाले, "पाचच का गं?" मग स्वतःच: "बरोबर आहे. मी पाच-पाचच मोजतो."

चार आठवड्यांत पहिला विनोद. मी कपाळाला हात लावला, पण बरं वाटलं.

शनिवार, १६ ऑगस्ट

सरावाला गेलो. जागा रॉयचीच, दुकानामागे. त्यानं आधीच सांगितलं होतं, हलकं वागवायला सोपं, उडवायला अवघड. खरंच. सगळा हिसका तळव्यात. आधी मी पाच उडवल्या. चार कागदात, एक देव जाणे कुठे. छत्तीस वर्षांनी! शेजारच्या रांगेतला माणूस टाळ्या वाजवत होता. मला इतकं छान वाटलं की लाज वाटली.

यांच्या पाचातली एकच लागली. तळवा लाल. गाडीत म्हणाले, पुढच्या शनिवारी परत येऊ.

मंगळवार, २ सप्टेंबर

परवान्याचा अर्ज शेरीफच्या कचेरीत दिला. ओळखीच्या दोन माणसांची नावं लागतात. त्यातल्या एक मिसेस डॉरथी, वय ऐंशी, दुकानाच्या वरच राहतात. शेरीफचा माणूस त्यांना फोनवर विचारायला लागला, हे गृहस्थ कसे आहेत? त्यांनी सांगितलं म्हणे, या गावात माझा खोकला गेला का हे फोन करून विचारणारा हा एकटा माणूस आहे, आता तुम्ही ठरवा.

त्यांनी स्वतःच हे मला जिन्यात अडवून सांगितलं. घरी येऊन दोनदा आठवलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

कोटाचे खिसे शिवले. विकतच्या कोटाचा खिसा लोंबतो, आत काय आहे ते कुणीही सांगेल. उजव्या खिशात जीन्सच्या कापडाचा दुसरा खिसा घातला, वर ताठ पट्टी, म्हणजे आकार उमटत नाही. खिसा भरलेला असो की रिकामा, कोट सारखाच पडला पाहिजे, असा धरून शिवला. तीन कोट, तीन संध्याकाळी.

बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट शिवण घ्यायच्या. टाका दिसला की उसवायला लावायच्या. म्हणायच्या, चांगलं शिवण म्हणजे बघणाऱ्याला कळूच नये की इथे कुणाचा हात लागलाय. आल्टरवरची वस्त्रं शिवायला शिकवलं त्यांनी, आणि मी त्या टाक्यांनी हे शिवतेय. रागावल्या असत्या? वाटत नाही. त्यांचा भाऊ युद्धात होता.

उजव्या खिशात आता दुसरं काहीही नाही, असा नियम मी घातलाय. लवंगांची डबी, किल्ल्या, पेन डावीकडे. हे आठवडाभर लवंगा शोधत होते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

परवाना आला. फोटोत चोरासारखे दिसतात, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "मग बरोबर माणसाला दिलाय."

सराव आता पाचात चार. हात अजून थोडा. संध्याकाळी जास्त.

रविवार, १२ ऑक्टोबर. दसरा

काल एडिसनला आपल्या लोकांच्या दुकानांत जाऊन नारळ, कुंकू, झेंडू आणला. आपट्याचं पान इथे कुठलं. मागच्या अंगणातल्या रेडबडची पानं मधोमध दुमडून घेते, इतकी वर्षं तीच सोनं.

पाटावर दरवर्षी काय काय मांडतो: यांची गोळ्या मोजायची पट्टी, खल, माझं शिवणाचं मशीन नाही हलत म्हणून कात्री, मिलिंदचा जुना कॅल्क्युलेटर. या वर्षी खरंखुरं शस्त्र. वडिलांकडे भिंतीवरच्या तलवारीची पूजा व्हायची, ती आठवली. तलवार बोथट होती, पण आई झेंडूचा हार अगदी मापून करायची.

एन.सी.सी.चा नियम विसरले नाही. शस्त्र खाली ठेवायचं तर रिकामं आणि उघडं. पाचही गोळ्या काढून वाटीत ठेवल्या, चक्र बाहेर काढून पाटावर ठेवलं. हळद-कुंकू, अक्षता, फूल. हे शेजारी सोवळं नेसून. मी रामरक्षा म्हटली आणि सवयीनं शेवटी मनात अवर फादरही. दोन्हीकडचं असू दे.

हे मला नमस्कार करायला वाकले. म्हटलं अहो हे काय. म्हणाले, "शस्त्र तू निवडलंस, तुलाच करायला हवा." मी चष्मा पुसायचा बहाणा करून आत गेले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

हे सविस्तर लिहून ठेवायचं आहे.

काल आठला दहा कमी असताना एक माणूस दुकानात आला. तोच नव्हे, त्याच जातकुळीचा. टोपी खाली ओढलेली, एक हात जॅकेटमध्ये. बराच वेळ शांपूसमोर उभा. मग काउंटरशी येऊन त्याच गोळ्या मागितल्या, चिठ्ठी नाही. हात जॅकेटमधून काढेना.

यांनी उजवा हात खिशात घातला. काढलं नाही. नुसता ठेवला. आणि सांगितलं, चिठ्ठीशिवाय देता येणार नाही, पण तुम्हाला घाम सुटलाय, बसा. डाव्या हातानं खुर्ची सरकवली, डाव्या हातानं पाणी दिलं. डॉक्टरांना मी स्वतः फोन करतो म्हणाले. तो माणूस बसला. पाणी प्यायला. थोड्या वेळानं उठून गेला. जाताना थँक्स म्हणाला म्हणे.

हे घरी येऊन सांगत होते, मी ऐकत होते, पोळी तव्यावर करपली. हे चार पोळ्या जेवले. मग म्हणाले, "खिशात ते होतं म्हणून बोलता आलं. नाहीतर बाटली काढून हातात दिली असती."

आज दुपारी डबा द्यायला गेले. मुद्दाम उभी राहिले. पाच, दहा, पंधरा, वीस. हात असा स्थिर, जसा त्या प्रसंगाआधी होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघून झालं असेल तर डबा ठेव."

माझा नवरा. एवढंच लिहिते.

शनिवार, १८ ऑक्टोबर

कसं लिहू.

सरावाला गेलो. यांनी आपल्या पाच गोळ्या काढून रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं, म्हणाले आधी तू, मी गाडीतून चष्मा आणतो. मी सरावाच्या भरल्या. चक्र बंद करताना घट्ट लागलं, दाबून बसवलं. चाप ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हलेना.

रॉय आला. चक्र उघडलं, भिंगातून बघितलं, छोट्या ब्रशनं काहीतरी काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. तेलात कालवलेलं कुंकू. आणि ज्या चांदणीनं रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलतात, तिच्याखाली तांदळाचा एक दाणा. माझी अक्षता. म्हणून चक्र फिरत नव्हतं.

लाल बघून त्यानं आधी विचारलं, कुणाला लागलंय का? मग मला सगळं सांगावं लागलं, दसरा, पाट, तलवार. तो ऐकत राहिला. म्हणाला, माझी आई नव्या ट्रॅक्टरवर होली वॉटर शिंपडायची, मिसेस पी. पण इंजिनात नाही.

मला हसू आलं आणि तेवढ्यात गुरुवार आठवला.

अडकलं ते रविवारी, पूजेत. म्हणजे सोमवार ते शुक्रवार हे खिशात जे घेऊन फिरले ते उडालंच नसतं. यांनी मंगळवारी म्हटलंही होतं, जरा कडक लागतंय. मी म्हटलं, नवीन आहे.

रॉय साफ करता करता म्हणाला, मिस्टरांना सांगा. मान खाली घालूनच. हे चष्मा घेऊन आले, पाच उडवल्या, पाच लागल्या. रॉयकडे बघून हसले. मी सांगितलं नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

अजून नाही.

सांगितलं तर हात पुन्हा थरथरेल? कंपनीचं पत्र टेबलावर आहे, बारा दिवस उरलेत. न सांगितलं तर... ते माझ्या भरवशावर उभे होते आणि माझ्याच चुकीनं ते यंत्र निकामी होतं. एन.सी.सी.चा नियम पाळल्याचा तोरा, आणि उघड्या चक्रावर अक्षता टाकणारीही मीच. एवढं निवडून, तोलून, शिवून.

पण दुसराही विचार येतो, आणि तो आला की छाती भरून येते. त्या माणसासमोर यांच्याकडे काही नव्हतंच. खुर्ची दिली ती यांनी. पाणी दिलं ते यांनी. हे यांचं यांना कळायला नको का?

सोमवार, २० ऑक्टोबर

सांगितलं. जेवताना, आमटी वाढताना. एका दमात.

यांनी घास खाली ठेवला. एवढंच विचारलं, "गुरुवारीसुद्धा?"

"गुरुवारीसुद्धा."

मग उजवा हात समोर आडवा धरला, बोटं पसरून, आणि कुणा दुसऱ्याचा असावा तसा बघत राहिले. मीही बघत होते.

"दाणे किती होते?"

"एकच."

हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मी पाणी दिलं. मग उठून आपलं ताट स्वतः धुतलं, आणि गप्प झाले. तेहेतीस वर्षांत यांच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार मला ओळखू येतात असं मी समजत होते. हा नवा होता.

झोपायला जाताना म्हणाले, "तुझं चुकलं नलू. पण पूजा चांगली झाली."

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सकाळी कंपनीचं पत्र टेबलावरच, सही नाही. वर यांचं पेन ठेवलेलं. टोपण काढलेलं. मी टोपण लावलं नाही.

मी घावन घालत होते. कोट घातल्याचा आवाज आला. मग रिव्हॉल्व्हरच्या ड्रॉवरची किल्ली फिरली. ड्रॉवर उघडला. थोडा वेळ काहीच नाही. मग बंद झाला, किल्ली फिरली. मी मागे वळून बघितलं नाही. घावनाकडे बघत राहिले.

दाराशी येऊन विचारलं, "माझी लवंगांची डबी?" डाव्या खिशात, म्हटलं.

खिडकीतून बघत राहिले, गाडीपर्यंत जाईतो. पाठ ताठ, कोट दोन्ही बाजूंनी सारखा पडलेला. उजवा खिसा भरलेला की रिकामा, शोधून सापडेना. मीच शिवलाय तो. वळून हात केला, उजवाच, आणि जरा जास्त वेळ तसाच, न हलता, वर धरला.