दाराच्या घंटेची हजेरी

मंगळवार, १२ मार्च

चि. बब्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे आपल्या जागी आहेत, जिभेचं तर तू विचारतही नाहीस.

तुझी शेल स्क्रिप्ट, कॉम्प्युटरला आपोआप पाळायला दिलेल्या आज्ञांची ती यादी, वाचली. डोळे वटारू नकोस. ऑफिसच्या कॉम्प्युटर खात्यात जन्म घालवला मी. निवृत्त झाले म्हणून वाचता येईनासं झालेलं नाही. बाबा भान विसरून दार उघडून भटकायला लागले तेव्हा तू दार उघडताच वाजणाऱ्या घंटेचा प्रोग्राम एका कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्याच एका बंदिस्त डब्यात, बसवून दिलास, आणि घंटा चालू आहे ना हे बघून तुला फोनवर निरोप धाडणारी ही स्क्रिप्ट.

ती विचारते काय, तर ‘घंटा बंद’ असं उत्तर आलं का? नाही आलं, की तुला निरोप: सगळं ठीक. अरे शहाण्या, वीज जाऊन आली आणि कंटेनर चालवणारा मूळ प्रोग्रामच उठला नाही, तर उत्तर देणार कोण? विचारणाऱ्या कमांडने एरर दिली होती. ती तू आधीच कचऱ्यात वळवून ठेवलेली, कटकट नको म्हणून. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर हजेरी घ्यायच्या. गप्प राहिलेल्या मुलीला त्यांनी कधी हजर धरलं नाही.

गुरुवारी तेच झालं. दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होते. घंटा वाजली नाही. समोरचा किल्लीवाला धावत आला. “काकू, काका रस्त्यात पडलेत. मी हलवलं नाही, तुम्ही या.” एका पायात त्यांची चप्पल होती, एका पायात माझी.

संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात होते. तू ‘ठीक ना?’ विचारलंस, मी हो म्हणाले.

स्क्रिप्ट दुरुस्त केली आहे. आता उत्तरं तीन: चालू, बंद, आणि विचारताच आलं नाही. कमांड फसली तर ती सगळ्यात आधी बोंब मारते. मुद्दाम बंद पाडून पाहिलं, उत्तम चालते. दार उघडून जाणारं मात्र घरात कुणी नाही.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, मग छाती कफाने भरली. डॉक्टरीणबाई माझ्याशी फार गोड बोलायला लागल्या, तिथेच मी ओळखलं. आज म्हणाल्या, मुलाला बोलावून घ्या. मी भांडले त्यांच्याशी. दुसरं येतंय काय मला? त्यांनी निमूट ऐकून घेतलं, त्याचीच जास्त भीती वाटली.

फोनवर हे माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून मेल. वाचलीस की काही विचारत बसू नकोस. निघ.

बाबांच्या उशाशी नुसती बसलेली,
तुझी आई